भिंतीआडचा ढीग

"ताई, हात घाल की," टिल्लू म्हणाला.

"तूच घाल. मला काय त्याचं," त्याची बहीण म्हणाली.

खरंच, बाबा गेल्यापासून ताईला ना रडू यायचं, ना हसू. गॅरेज आता आई चालवायची. मागे जुनी डिझेलची टाकी गळून अंगणातली माती तेलकट झाली होती. ती उपसून तिचे ढीग लावलेले. मातीतले जिवाणू ते तेल हळूहळू खाऊन टाकतात, असं प्रदूषण मंडळाच्या तपासनीस बाई म्हणाल्या होत्या. भिंतीआडचा पहिला ढीग बाबांनी लावला, भिंतीपुढचे नंतर मामाने. बाबांच्या ढिगाकडे ताई फिरकतही नसे.

उद्या बाई येणार होत्या. मातीत तेल तसंच असलं तर गॅरेजला कुलूप.

टिल्लूने पुढच्या ढिगात हात खुपसला. "गारढोण. आणि डिझेलचा वास!"

शेजारचा प्रोफेसर, म्हणजे टिल्लूचा चष्मेवाला दोस्त, भिंतीआड गेला. "हा कोमट आहे रे. वासही नुसता मातीचा."

"म्हणजे इथले जिवाणू जेवतायत. त्याचीच ऊब," ताई लांबूनच म्हणाली. "मग पुढचे उपाशी का?"

पुढच्या ढिगांना कोण काय करतं ते बघायला सकाळी तिघं पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसली. मामा बादली घेऊन आला आणि पुढच्या ढिगांवर पांढरं पाणी ओतू लागला. फिनेल!

"मामा, हे काय?" ताई पुढे आली.

"अगं, वास मरायला नको? रोज ओततो. भिंतीमागे बाईंचं नाक कुठं पोचतंय, म्हणून तिकडे नाही."

"पण मामा, फिनेलने जंतू मरतात ना? मग जिवाणू कसे जगतील?" प्रोफेसरने विचारलं.

मामाचा चेहरा पडला. "मेलो. बाईंना सांगू नका हं."

ताईने बाई आल्या आल्या सगळं सांगून टाकलं.

बाईंनी दोन्हीकडची माती तपासली. "आधी फिनेल बंद. वरची माती काढा, बाकीच्यात भिंतीआडची जिवाणूवाली माती मिसळा, हवा लागू द्या. मी मुदत वाढवून देते. शाबास रे पोरांनो, हे माझ्याही ध्यानात आलं नसतं."

आईने ताईच्या हातात फावडं दिलं. ताईने ते बाजूला ठेवलं आणि बाबांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला.

"आई, अजून ऊब आहे गं," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

आई तिच्याशेजारी मातीतच बसली. मामा गुपचूप बादली धुवायला गेला.