दुसरी खेप

"एकशे चार," तो म्हणाला.

मी छत्री मिटत होते. भुरभुर पाऊस, शाळेमागच्या माळावर चिखल, आणि त्या चिखलात सकाळीच उतरलेलं लष्करी हेलिकॉप्टर. वैमानिकाला वाटेत सणकून ताप भरला म्हणून ते आमच्या कळंबला उतरलं होतं. त्याला जीपमधून उस्मानाबादच्या दवाखान्यात नेलं, आणि दुसरा वैमानिक येईपर्यंत यंत्र राखायला हा मेकॅनिक मागे राहिला. चन्नबसप्पा. मूळचा उमरग्याकडचा. माझे वडील आण्णा शाळेचे हेडमास्तर, म्हणून त्याचा डबा आमच्या घरून; आणि मी त्याच शाळेत शिकवते, म्हणून डबा पोचवायचं काम माझ्या गळ्यात.

"काय एकशे चार?"

"वजन, बाई. पौंडात. छत्री सोडून."

मला असा राग आला! "परक्या बाईचं वजन काढता? लाज नाही वाटत?"

"सवय हाय की..." तो ओशाळला. "आमच्यात पहिलं वजन दिसतंय, मग माणूस. आज उलटं झालं खरं... पण तोंडातून आकडाच निघाला."

मी तावातावानं परत फिरले. अर्ध्या वाटेत लक्षात आलं, आपण हसतोय.

तीन दिवस आभाळ उघडलं नाही. अडत बाजारातले हमाल त्याची परीक्षा घ्यायला यायचे. कोंडीराम हमाल ज्वारीचं पोतं पाठीवरून उतरवायचा, चन्नबसप्पा नुसता बघून आकडा सांगायचा, आणि काट्यावर पोतं तेवढंच भरायचं. शाळेतल्या पोरी टाळ्या पिटायच्या. मी त्यांना शिस्त लावायच्या निमित्तानं तिथंच उभी असायचे.

"सगळी हेलिकॉप्टरं सारखीच ना?" एकदा मी मुद्दाम विचारलं.

"सारखी?" तो दुखावलाच. "हे अलूएत, फ्रान्सचं. अंगानं बारीक, पण डोंगर चढताना दम लागत न्हाय. रशियाचं एमआय-फोर दांडगं. खाली डझनभर माणसं उचलतंय, उंचावर चार-पाच घेताना कुरकुर. सिकोर्स्कीचं इंजिन नाकात, पायलट माडीवर बसल्यागत वर."

"आणि तुमचं लाडकं?"

"बेल. काचेच्या डोक्याचं. दोन्ही अंगाला बाहेरून एकेक स्ट्रेचर बांधायचं..." त्यानं उगाच फडक्यानं हात पुसले.

"मला नाही ना बसवणार त्यात?"

"तुमाला आत बसवीन. माझ्या शेजारी."

त्याच्या बोटांना तेलाचा वास होता. डबा घेताना ती माझ्या बोटांना लागू नयेत म्हणून तो इतकं जपायचा, की मलाच वाईट वाटायचं. मला तो आवडला होता. उगाच आढेवेढे कशाला घेऊ!

म्हणूनच तिसऱ्या दुपारी त्याला घरचं सांगितलं. बलभीमदादाचं. गेल्या कार्तिकात नेफात चीनशी झालेल्या लढाईत जखमी झाल्याचं पत्र आलं, मागोमाग 'बेपत्ता' म्हणून तार. त्यानंतर काहीच नाही. आई अजून रोज त्याचं पान वाढते, आणि आण्णा तिला एका शब्दानं अडवत नाहीत.

चन्नबसप्पाच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"म्या तिथंच होतो," तो म्हणाला. "बेलवर. त्याच डोंगरात."

पाऊस पंख्याच्या पात्यांवरून ठिबकत होता.

"वरची हवा पातळ. खाली दोन जखमी जायचे, तिथं एकच. कुणाला चढवायचं ते म्या ठरवायचो... वजन बघून. नाव विचारायचं न्हाय. असा नियम न्हवता, पण आमी समदे पाळायचो. नाव कळलं की हात चालत न्हाय, बाई. शेवटच्या दिवशी दोघं उरले. एक एकशे तीस. दुसरा एकशे साठच्या वर. हलक्याला चढवलं. दुसऱ्याला म्हणलं, दुसऱ्या खेपेला येतो."

"मग?"

"ढग उतरले. दुसरी खेप झालीच न्हाय."

दादा धिप्पाड होता. तालमीत त्याच्या जोडीला कुणी मिळायचं नाही.

"तो... मराठी बोलत होता?"

"बोललाच न्हाय. नुसती मान हलवली."

मी डबा न घेताच घरी आले. तो दादा होता की आणखी कुणाचा दादा, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. दिवेलागणीपर्यंत चन्नबसप्पाचा राग राग करायचा मी जिवापाड प्रयत्न केला. आई पान मांडत होती, आण्णा बघून न बघितल्यासारखं करत होते. आणि माझ्या मनात आलं, आम्ही तिघं दादाची वाट बघतोय, तसाच तोही त्या माणसाकडे रोज परत जातोय. न झालेली खेप करतोय. माझा राग तिथंच संपला. मग खूप रडले.

सकाळी दुसरा वैमानिक आला. ढग जरा वर गेले होते, निघायची घाई होती. चन्नबसप्पानं घासूनपुसून ठेवलेला डबा माझ्या हातात दिला.

"बाई... काल म्या बोलायला नको होतं. पण लपवून तुमाला मागणी घालणं जमलं नसतं."

"मागणी घालणार होता?"

"व्हय." तो चिखलाकडे बघत राहिला. "अजून... घालावी वाटतीय. दिवाळीला रजा हाय. म्या परत ये—"

ओठ हलले, पण पुढचं अक्षर निघेना. 'येतो' म्हणताना त्याला समोर कोण दिसत होतं, ते मला कळलं.

"राहू दे," मी म्हणाले. "ते म्हणू नका. पत्ता द्या."

"कशाला?"

"मुलीकडच्यांनीच जायचं असतं. आण्णांना घेऊन मी उमरग्याला येते. तुमच्या आईंचं नाव काय?"

"शिवम्मा..." त्यानं खिशातला कागद काढला. पत्ता लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. वैमानिकानं हाक मारली तरी तो हलेना. "बाई, आमची जात येगळी. घरात निम्मं कानडी. आण्णा न्हाय म्हणले तर?"

"तर एकटी येईन," मी म्हणाले. "एस.टी. जाते की उमरग्याला."