शेंडी वर करून उभा नारळ

नांदेड-लातूर गाडीनं लोह्याच्या पुढं असा काही खड्डा घेतला, की साक्षीच्या पिशवीतला नारळ उडून शेजारच्या तरुणाच्या लॅपटॉपवर आदळला.

“लागलं का हो?”

“मला न्हाई... ह्याला,” तो स्क्रीन पुसत म्हणाला. “कुठल्या देवाचा म्हणायचा हा?”

“देवाचा न्हाई, माझ्या बाबांचा. पाणाड्या हायेत ते, रेणापूरचे.”

दगडोबा पाणाड्या म्हणजे साधी असामी नव्हे. तळहातावर आडवा नारळ घेऊन रानातून चालायचे. खाली पाणी असलं की नारळ शेंडी वर करून उभा! मांजरेच्या पुलावर तर तो एसटीतच उभा राहायचा आणि कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट फाडायचा, असं रेणापुरात आजही शपथेवर सांगतात.

तरुणाचं नाव आनंदराज. एका संस्थेसाठी जगभरच्या तज्ज्ञांना फोन करून तो एकच विचारायचा — माणसाहून शहाणं यंत्र होणं शक्य आहे का?

“मग? काय म्हणतात?”

“निम्मे म्हणतात दहा वर्षांत. निम्मे म्हणतात कधीच न्हाई. खात्री मात्र सगळ्यांनाच.”

“बाबांनाही असायची. पण तिथं बोअर पाडलं की संध्याकाळपर्यंत कळतं. तुमच्या तज्ज्ञांचं एक तरी बोअर पडलंय का?”

आनंदराज तिच्याकडे बघतच राहिला... लातूर आलं तरी.

मग दर शनिवारी तीच गाडी, तोच बाक. खिडकीतून येणारी थंडी, एका शालीची दोन टोकं... पण लग्नाचं निघालं की त्याचा चेहरा पडायचा.

“येत्या सोमवारी धर्माबादचे पाहुणे येऊन राहिले, मला बघायला,” एका मळभ दाटलेल्या दुपारी लातूरच्या स्टँडवर ती म्हणाली.

“साक्षी... उद्या तसलं यंत्र आलं आणि सगळं जगच उलटंपालटं झालं तर? कुणीतरी नक्की सांगू दे, मग—”

तिनं नारळ त्याच्या तळहातावर आडवा ठेवला. “आज तुम्हीच तज्ज्ञ. आपलं जमंल का, विचारा त्याला.”

नारळ हलला... डुगडुगला... उभा राहिला.

“तुम्ही उभा केला?” तिनं विचारलं.

“आईशप्पथ, मलाच कळलं न्हाई.”

साक्षीचे डोळे भरले. “‘मलाच कळलं न्हाई’, बाबा एवढं एकदा बोलले असते तर... आमच्याच रानात उभा राहिला होता हा. नऊशे फूट बोअर पाडलं, नुसती धूळ निघाली. तेव्हापासून गप्पच हायेत.”

“म्हणूनच म्हणून राहिलो, आधी खात्री—”

“कोरडं का होईना, आम्हाला कळलं तरी. तुम्ही नुसता नारळ धरून उभे.”

रेणापूरची गाडी लागली होती. ती चढली. नारळ त्याच्याच हातात राहिला, पुन्हा आडवा झालेला.

गाडी वळताना तिनं मागच्या काचेतून पाहिलं. नारळ शेंडी वर करून उभा होता... की गाडीच खड्ड्यात गेली होती? पाणाड्याची लेक असून तिला सांगता येईना. गाडी थांबवायला घंटीच्या दोरीकडे गेलेला हात तिनं हळूच मागं घेतला.