देवीच्या डोळ्यातला दुसरा ठिपका

"माझ्या आजीची काड्यापेटी काढून घेतली हो त्यांनी! सगळ्या गावासमोर!"

कमळाकर ठोसरांना खरं तर हसू फुटणार होतं. काड्यापेटीसाठी कुणी बेलापूरला गुप्तहेराकडे येतं का? पण समोरच्या मुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यात वहिनींनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की हसू आल्या वाटेनं परत गेलं.

वहिनी म्हणजे दमयंती ठोसर. बावीस वर्षं कोर्टासाठी हस्ताक्षरं तपासली आणि निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना, म्हणून सेक्टर पंधरामधल्या एका गाळ्यावर 'खासगी तपास' अशी पाटी लावली. कमळाकर त्यांचे धाकटे दीर. चहा सांगणं, टिपणं काढणं आणि चुकीचा अंदाज सर्वांत आधी बोलून टाकणं ही त्यांची कामं. शेवटचं काम त्यांना कुणी दिलं नव्हतं, ते अंगचंच होतं.

"डोळे पूस आणि पहिल्यापासून सांग," वहिनी म्हणाल्या.

मुलीचं नाव रुतिका घरत. बेलापूरच्या एका लॅबमध्ये नोकरीला, गाव उलव्याच्या पलीकडे खाडीकाठी. तिची आजी बाळाबाई गावदेवीचा दिवा लावते. आजीच्या आधी तिची सासू लावायची, त्याआधी सासूची सासू. गाभाऱ्यात बल्ब नाही, बॅटरी नाही, मोबाइल न्यायचा नाही, फ्लॅश तर नाहीच. देवीवर उजेड पडायचा तो एका समईचा.

"आता देऊळ नवं बांधायचंय. त्याआधी देवीचा मोठा फोटो काढायचं ठरलं. फ्लॅश नको, म्हणून आमच्या गावचा कल्पेश तीन छोटे कॅमेरे जमवून आला. कॅमेऱ्यांची परीक्षा घेऊन व्हिडिओ टाकतो तो. कमी उजेडात कुठला चांगला चालतो ते बघायचं होतं. मंगळवारी सकाळी दहाला दार लावून टेस्ट केली, आणि अकराला दर्शनाला दार उघडलं तर देवीच्या नाकात नथ नाही! कल्पेशच्या शेवटच्या फोटोत नथ आहे. त्यानंतर आत गेली ती फक्त आजी, तेल घालायला."

"मग चोर..." कमळाकरांनी तोंड उघडलं.

"भावजी, चहा सांगा."

"परवा शनिवारी पाचला गावाची सभा आहे," रुतिका म्हणाली. "दिव्याचा मान दुसऱ्या घराला देणार. आजीनं त्या दिवसापासून अन्नाला हात लावला नाही. बाई, ती मरेल हो."

कमळाकर चहा सांगायला उठले ते तसेच उभे राहिले. काड्यापेटीचं हसू त्यांना आता चांगलंच खटकत होतं.

दुपारी ते गावात पोचले. देऊळ लहान, मंडप त्याहून लहान. गाभाऱ्याला एक पुढचं दार आणि बाजूला एक बुटकं कवाड, देवीच्या स्नानाचं पाणी आणायला. त्या कवाडाच्या किल्ल्या दोन. एक बाळाबाईकडे, दुसरी अध्यक्ष जयदेव भोईरांकडे.

जयदेव साठीचे, भारदस्त, बोलायला गोड.

"वाईट वाटतं हो. बाळाआतेच्या अंगाखांद्यावर खेळलोय मी. पण गावाला उत्तर द्यावं लागतं."

"मंगळवारी तुम्ही कधी आत गेलात?"

"दहाला कल्पेशनं तीन नंबरनं एक ट्रायल फोटो काढून सगळ्यांना दाखवला. मग पहिला नंबर माझा. माझाच जुना कॅमेरा, त्याला आम्ही एक नंबर दिलेला. पाच मिनिटांत बाहेर आलो आणि सव्वादहाला गाडीत बसून बेलापूरला गेलो, ऑफिसात काम होतं."

"कॅमेरा कल्पेशकडे देऊन?"

"अहो, घाईत गळ्यातच राहिला! दिवसभर गळ्यात घेऊन फिरलो. लोक म्हणाले, अध्यक्षसाहेब, फोटोग्राफर कधीपासून झालात?" ते हसले. कमळाकरही हसले. माणूस मनमोकळा, असं त्यांनी वहीत लिहूनही टाकलं.

"नथ कशी होती हो?"

"जुनं सोनं, टपोरे मोती. भारी वस्तू. म्हणून तर अकरा वर्षांपूर्वी मी नियम केला, पालखीत देवीला नथ घालायची नाही. बाहेर गर्दी, चोरांची भीती. बघा, शेवटी घरातच..." त्यांनी वाक्य अर्धं सोडून उसासा टाकला.

कल्पेश मंडपातच कॅमेरे पुसत बसला होता. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

"दोन नंबरवाला डब्बा आहे, मॅडम. अंधारात फोकसच पकडत नाही, कारण त्याला फोकसचा दिवाच नाही. एक आणि तीनला आहे. बटण अर्धं दाबलं की नारिंगी दिवा लागतो. एक नंबरच्या फोटोत नुसते दाणे, रांगोळी सांडल्यासारखे. पण तीन नंबर? एकदम कडक! ट्रायलचा फोटो झूम करून दाखवला तर जयदेवकाका बघतच राहिले. मी म्हटलं, काका, मोत्याचा पोपडासुद्धा दिसतो!"

"पोपडा?"

"जुने मोती ना. एकाचा वरचा थर उडालाय."

"जयदेवकाकांनंतर दोन नंबर घेऊन रुतिका आत गेली, आणि मग तू?"

"मी आत थांबलोच नाही. माणूस हलला की जमीन हलते आणि फोटो हलतो. तीन नंबर स्टँडवर लावला, स्क्रीन बंद केली, दर दोन मिनिटांनी एक असे आपोआप सहाच फोटो लावले आणि दार ओढून बाहेर आलो. रुतिका नि मी इथंच चहा पीत होतो. शेवटचा फोटो दहा अडतीसचा. त्रेचाळीसला कॅमेरा उचलून आणला."

"तेव्हा नथ होती?"

कल्पेशनं डोकं खाजवलं. "खरं सांगू? मी कॅमेऱ्याकडेच बघत होतो."

त्यानं तो शेवटचा फोटो मोठा करून दाखवला. देवीचा चांदीचा मुखवटा, नाकात नथ, चिंचेनं घासून लखलखीत केलेले चांदीचे डोळे. प्रत्येक डोळ्यात समईचा पिवळा ठिपका, आणि त्याच्या शेजारी एक बारीक नारिंगी ठिपका.

"हा तुझ्या कॅमेऱ्याचाच दिवा," कमळाकर म्हणाले. फोटोग्राफी इतकी सोपी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"असेल," कल्पेश म्हणाला. "मी नीट बघितलं नव्हतं."

 वहिनींनी तीन नंबर दोन दिवसांसाठी मागून घेतला.

बाळाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनचं नाव काढलं की भांडायच्या. हात मात्र सारखे हलत होते, जणू काहीतरी शोधत होते.

"ये गो बाय, बस. पानी देऊ?"

"आजी, दर शुक्रवारी देवीला तुम्हीच न्हाऊ घालता ना? नथ किती जड होती?"

"जड कसली? पिसावानी हलकी."

बोलल्या आणि ओठ घट्ट मिटून बसल्या. मग कितीही विचारलं तरी अळीमिळी गुपचिळी. कमळाकरांनी वहीत 'हलकी' असा शब्द लिहिला आणि पुढे काय लिहावं ते न सुचून पेन्सिल कानावर ठेवली.

निघताना वहिनी भिंतीवरच्या एका जुन्या फोटोपाशी थांबल्या. पालखीतली देवी, भर उन्हात, रुतिकाच्या वडिलांच्या लहानपणची. नथीपासून कानापर्यंत एक काळा दोरा ताणून बांधलेला होता.

"माझ्या लग्नात असाच दोरा बांधला होता, भावजी. आठवतं?"

"मला जेवणावळ आठवते," कमळाकर म्हणाले. त्यांना खरंच तेवढंच आठवत होतं.

शुक्रवारी वहिनींनी कमळाकरांना गाळ्यामागच्या अंधाऱ्या खोलीत कोंडलं. समोर स्टीलचा डबा, शेजारी निरांजन, हातात तीन नंबर. "डब्याचे वीस फोटो काढा."

वीस वेळा बटण अर्धं दाबलं, वीस वेळा नारिंगी दिवा लागला, वीस वेळा खटका पडला. घामाघूम होऊन ते बाहेर आले.

"माझा हातच वाईट, वहिनी. डब्यात निरांजन दिसतंय, पण तो नारिंगी ठिपका एकाही फोटोत नाही."

"एकाही?"

"एकाही नाही. पुन्हा काढू?"

"नको. झकास काढलेत," वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता, आणि ते कमळाकरांना अजिबात आवडलं नाही.

शनिवारी पाचला मंडप गच्च भरला. बाळाबाई एका खांबाला धरून उभ्या होत्या. जयदेवांनी बोलायला घसा साफ केला, तेवढ्यात वहिनी उठल्या.

"दिव्याचा मान काढायच्या आधी दहा मिनिटं द्या."

कुजबुज झाली. जयदेवांनी मान हलवली.

"शेवटच्या फोटोत देवीच्या डोळ्यात दोन ठिपके आहेत. पिवळा समईचा. नारिंगी कॅमेऱ्याच्या फोकसच्या दिव्याचा. आमचे भावजी म्हणाले, फोटो ज्यानं काढला त्याच कॅमेऱ्याचा. म्हणून त्यांना वीस फोटो काढायला लावले. दिवा वीसही वेळा लागला, पण फोटोत एकदाही आला नाही. का? कारण कॅमेरा आधी दिवा लावून फोकस करतो, मग दिवा विझवतो आणि मगच फोटो काढतो. कुठलाही कॅमेरा स्वतःच्या दिव्याचा फोटो काढू शकत नाही."

कमळाकरांच्या कपाळावर आठ्या पडल्या आणि मग एकदम गेल्या. म्हणजे हात वाईट नव्हता तर!

"म्हणजे दहा अडतीसला गाभाऱ्यात दुसरा कॅमेरा होता आणि तो धरणारा माणूस होता. दोन नंबरला असा दिवाच नाही. राहिला एक नंबर." वहिनी वळल्या. "जयदेवराव, तो दिवसभर तुमच्या गळ्यात होता. तुम्हीच सांगितलंत."

 कमळाकरांच्या हातातली वही खाली पडली. मनमोकळा माणूस, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं त्यात!

"पुढच्या दारात ही मुलं बसली होती. सव्वादहाला निघालात ते परत फिरून बुटक्या कवाडानं आत आलात; त्याची दुसरी किल्ली तुमच्याकडे. आत अंधार, मोबाइल बाहेर. पोपडा खरंच दिसतो का ते बघायला स्टँडशेजारूनच जुना कॅमेरा डोळ्याला लावलात. स्टँडवरचा कॅमेरा स्वतःहून फोटो काढतोय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"आपलीच नथ मी कशाला चोरू?" जयदेवांचा आवाज चिरकला.

"कारण ती देवीची नव्हतीच. भारी नथ नाकात नुसती राहत नाही, खाली ओढली जाते. तिला दोरा लागतो. जुन्या फोटोत आहे, मंगळवारच्या एकाही फोटोत नाही. खऱ्या मोत्याचा असा पोपडा उडत नाही, रंग दिलेल्या खोट्या मण्याचा उडतो. अकरा वर्षं समईच्या उजेडात कुणाला दिसलं नाही. उन्हात दिसलं असतं, म्हणून पालखीत नथ घालणं बंद केलंत. आणि मंगळवारी एका चांगल्या कॅमेऱ्यानं तो पोपडा दाखवला. त्याचा मोठा फोटो देवळात लागणार होता. त्याआधी नथ नाहीशी व्हायला हवी होती."

जयदेव खाली बसले. खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून त्यांनी समोर ठेवली.

"विकली नाही हो मी. देवीशपथ नाही विकली. पालखी होडीनं खाडीतून नेताना मुखवटा माझ्या हातात होता. लाट आली, दोरा तुटला, नथ खाडीत गेली. अध्यक्ष होऊन महिना झाला होता. भ्यालो. पनवेलहून दुसरी आणून घातली." ते तोंड झाकून रडायला लागले. "कुणाला कळलं नाही."

"मना कललं होतं."

सगळ्यांच्या माना खांबाकडे वळल्या. 

"पयल्याच शुक्रवारी कललं," बाळाबाई म्हणाल्या. "न्हाऊ घालताना हातात घेतली नि कललं. हाताला अंधार नाय दिसत. म्हटला, पोराच्या हातनं परली आसंल, भ्याला आसंल. माजा पोर हाय तो. गावाची अब्रू हाय. अकरा वरसं तोंडातनं शबूद नाय काढला."

"आजी, मग मंगळवारी का नाही बोललीस?" रुतिका ओरडली. "चोर म्हणाले तुला!"

"मना वाटला, तो बोलंल." त्या जयदेवांच्या दिशेनं चालत आल्या, हात पुढे करून, माणसांच्या खांद्यांना धरत. "हिच्या हातची काड्यापेटी काढा, आसा कोन बोलला ते मना दिसला नाय, रं जयदेव. पन आवाज मना वलखू येतो."

जयदेवांनी वर पाहिलं नाही. कुणीतरी हुंदका दिला. कमळाकरांनी चष्मा काढला आणि उगीचच पुसत बसले, कारण वहिनीही पदर डोळ्यांना लावत होत्या आणि ते पाहवत नव्हतं.

म्हातारीनं वाकून चाचपडत पुरचुंडी उचलली, नथ तळव्यावर घेऊन तोलली आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवली.

"सांज झाली," ती म्हणाली. "दे माजी काड्यापेटी."

जयदेवांनी खिशात हात घातला. चार दिवस ती त्यांच्याच खिशात होती.

बाळाबाई एकट्या गाभाऱ्यात गेल्या. कल्पेशचा हात सवयीनं कॅमेऱ्याकडे गेला होता, तो त्यानं मागे घेतला. आतून काडी ओढल्याचा आवाज आला, एकदाच. समई लागली.