थोरल्या राउटरचा मान

प्रेमाला दोन हृदयांपलीकडे काहीही लागत नाही. नारिन या डोंगरी गावात एक केबल लागली.

ती बेगिमायच्या पिशवीत होती. गावात राउटर दुरुस्त करणारी ती एकटीच, आणि तिने केलेल्या कामासाठी तिला कुणी दुसऱ्यांदा बोलावलेलं नव्हतं. हे ती सांगितल्याशिवाय राहत नसे.

दार कुबातने उघडलं. राजधानी बिश्केकमधल्या एका कचेरीचे नकाशे तो घरी बसून काढायचा. नवा राउटर आल्यापासून नेट दर दहा मिनिटांनी पडत होतं. सोमवारपर्यंत ते सुधारलं नाही तर साहेबांनी त्याला बिश्केकलाच राहायला बोलावलं होतं. बाहेरगावच्या दोन मेकॅनिकांनी जुना राउटर काढून टाका म्हटलं आणि ते चहाविना परत गेले. तो राउटर कुबातच्या वडिलांनी, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या मोल्दोबेकांनी, स्वतः बसवला होता. घरातल्या मानाच्या जागी, रचलेल्या गोधड्यांच्या कुशीत, वर भरतकामाचा रुमाल.

"थंडी वाजते का त्याला?" बेगिमायने विचारलं.

"आम्ही थोरांना जपतो," कुबात म्हणाला. "पाहुण्यांनाही... जपू."

तिने ऐकलंच नाही असं दाखवलं. कान मात्र लाल झाले.

तिने राउटर गोधड्यांतून बाहेर काढला. जुना आणि नवा, दोन्ही राउटर घरातल्या यंत्रांना नेटचे पत्ते वाटतायत, म्हणून गोंधळ, असं तिने सांगितलं. वाटप नव्याकडे द्यायचं, जुन्याने नुसतं पुढे पोचवायचं.

गोधड्यांशेजारी बसलेल्या मोल्दोबेकांनी टोपी सरळ केली. "थोरला बसलेला असताना धाकटा वाटणार?"

कुबात जमिनीकडे पाहू लागला. बिश्केक एकदम जवळ आलं. बेगिमायच्या लक्षात आलं, की त्याने जाणं आपल्यालाही नको आहे.

"अक्साकाल," थोरांना मारायची हाक मारून ती म्हणाली, "मेजवानीला मटणाचे वाटे कोण वाटतं?"

"कुबात."

"आणि तुम्ही?"

"मी बसतो."

"मग यालाही बसू द्या की. त्याला कशाला दगदग?"

म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने रुमाल घडी करून ठेवला.

तिने जुन्याचं वाटप बंद केलं, त्याला वेगळा क्रमांक दिला, केबल जोडली. तासभर सगळे बसून राहिले. नेट पडलं नाही.

निघताना कुबातने दारात नान पुढे केली. तुकडा चाखल्याशिवाय त्या घरातून कुणी जात नाही.

"पुन्हा बिघडलं तर?"

"मी केलेलं बिघडत नाही."

"तेच तर... मग तू परत यायचीस कशी?"

तुकडा तोडायला लागतो त्याहून जास्त वेळ तिने घेतला. "न बोलावता येईन," ती म्हणाली.

सफरचंदं उतरवायच्या दिवसांत कुबातच्या आईने तिच्या कानांत चांदीची कर्णफुलं घातली, म्हणजे लग्न ठरलं. मोल्दोबेक येईल त्या पाहुण्याला जुना राउटर दाखवतात : पंधरा वर्षांचा, अजून सेवेत. त्याला घरातला प्रिंटर जोडलेला आहे.

प्रिंटरमध्ये शाई नाही.