ओरिनोकोच्या पाच पेट्या

पाच पेट्या! सोमवारच्या आत त्या पाच पेट्या खाणीबाहेर आणायच्याच होत्या. जर्मनीतल्या श्वार्त्सवाल्डच्या डोंगरातली ती चांदीची खाण कधीच रिकामी झाली होती, आणि कुणी आत शिरून जीव गमावायला नको म्हणून मालक सोमवारी तिचं तोंड काँक्रीट ओतून कायमचं बंद करणार होता. त्याचं पत्र आलं गुरुवारी. आणि शनिवारी सकाळी सहाच्या बसमध्ये तिघं जण बसलेले होते: एकाहत्तर वर्षांचे प्रोफेसर ओस्टरटाग, त्यांच्या माडीवर भाड्यानं राहणारा आणि कार्ल्सरूहेला मातीच्या भाजकामावर डॉक्टरेट करणारा श्रीरंग, आणि श्रीरंगची पुतणी शुभा.

शुभाला खरं तर कुणी बोलावलंच नव्हतं! १९६३ सालच्या ईस्टरच्या सुटीत ती र्युसेल्सहाइमहून काकाकडे राहायला आली होती. तिचे बाबा तिथल्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. दोन वर्षांपूर्वी वर्गात तोंड उघडायला घाबरणारी ही मुलगी यंदा जर्मन निबंधात पहिली आली होती, आणि तेव्हापासून आपल्याला जमणार नाही असं जगात काही उरलेलंच नाही, अशी तिची खात्री पटली होती.

"शुभे, गप्प बसून राहणार असशील तर चल," श्रीरंगनं बजावलं होतं.

"गप्प? काका, अरे, मी काय तुझा डॉक्टरेटचा प्रबंध आहे, वर्षानुवर्षं पडून राहायला?"

प्रोफेसरांना मराठी कळत नव्हतं, पण श्रीरंगचं तोंड बघून ते खो खो हसले होते.

पेट्यांत होती खापरं. साधी फुटक्या मडक्यांची खापरं! पंचवीस वर्षांपूर्वी, दक्षिण अमेरिकेत ओरिनोको नदीच्या काठी, प्रोफेसरांनी एक उंचवटा खणला होता. त्या जागी माणसं शेकडो वर्षं घरं बांधत, पुरात ती गमावत आणि पुन्हा तिथंच बांधत राहिली होती, आणि प्रत्येक पिढीनं आपली फुटकी मडकी मागं टाकली होती. वरून खाली मोजत सात थर लागले. मोठमोठे विद्वान म्हणत, या जंगलातल्या लोकांना मडकी घडवायला कुणीतरी बाहेरून येऊन शिकवलं असणार. प्रोफेसर म्हणत, मुळीच नाही! ते आपले आपण शिकले. सगळ्यात खालच्या थरात ओबडधोबड, वर वर येत सुबक. पण हे सिद्ध करायच्या आतच लढाई पेटली. खापरं खाणीत लपवली गेली आणि वह्या, नकाशे, फोटो घराबरोबर जळून गेले. पेट्या कुठल्या बोगद्यात आहेत ते कुणालाच ठाऊक नव्हतं, गुरुवारपर्यंत.

बसमध्ये प्रोफेसरांनी तिला समजवायला सुरुवात केली होती. "आल्झो, ऐक हं, फ्रॉइलाइन शुभा, पेटीत महत्त्वाचं काय असतं, तर..."

"हरीण! काका, हरीण!" शुभा खिडकीकडे झेपावली. आणि ते वाक्य राहूनच गेलं.

बस थांबली तिथून दोन तासांची चढण होती. त्या वर्षीचा हिवाळा असा भयंकर, की बोडेनसेसारखा अफाट तलावसुद्धा गोठून गेला होता. आता ते सगळं बर्फ वितळत होतं. देवदारांच्या काळ्याशार रांगांमधून हजार ओहळ खळाळत खाली धावत होते, बुटाखालचा बर्फ भुसभुशीत होऊन गुडघ्यापर्यंत आत ओढत होता, आणि एक लाकडी साकव तर तिघं ओलांडत असताना जनावरासारखा कण्हला. "येताना पटकन येऊ," श्रीरंग म्हणाला. पुढं गेल्यावर मागं कडाड् असा आवाज झाला. वळून बघतात तर साकव नाही! नुसतं फेसाळणारं पाणी.

"आता परत कसं जायचं?" शुभानं विचारलं.

"डोंगराच्या माथ्यावरून. लांब पडेल," प्रोफेसर म्हणाले. त्यांचे डोळे मात्र पुढंच लागलेले होते. खाणीच्या तोंडाकडे!

तोंडाशी खाणकामगारांची एक दगडी खोली होती, अर्धं छप्पर कोसळलेली, पण कोपऱ्यात लोखंडी शेगडी शाबूत होती. तिघं कंदील लावून खाणीत शिरली. छतातून पाणी टपकत होतं. तीनशे पावलांवर एक खोल खड्डा, पाण्यानं तुडुंब, त्यावर दोन जुन्या फळ्या. आणि पलीकडे, एका कोनाड्यात, एकावर एक रचलेल्या पाच पेट्या!

प्रोफेसरांनी टोपी काढली. पहिल्या पेटीवर हात ठेवून नुसते उभे राहिले.

एक पेटी पार झाली. दुसरी. तिसरी. चौथी! पाचवी प्रोफेसर स्वतः घेऊन निघाले. फळीच्या मधोमध आले आणि फळी मोडली! ते गळ्यापर्यंत पाण्यात! पण पेटी त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती. "आधी ही! आधी ही घ्या!" ते ओरडत होते. शुभानं पेटी ओढून घेतली, श्रीरंगनं कॉलर पकडली आणि सगळा जोर लावून त्यांना वर खेचलं.

खोलीत आणेपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले होते. बाहेर अवेळी हिमवर्षाव सुरू झाला होता. श्रीरंगनं त्यांचे ओले कपडे उतरवले, आपला स्वेटर, शुभाचा कोट, सगळं त्यांच्याभोवती गुंडाळलं आणि शेगडीमागं सापडलेल्या मूठभर सुक्या काटक्या पेटवल्या.

"शुभे, ऐक. पलीकडच्या दरीत लाकूडतोडे आहेत. मी माथ्यावरून जाऊन त्यांना आणतो. तीन तास, फार तर चार. तू शेगडी पेटती ठेव. ती विझली तर..." त्यानं प्रोफेसरांकडे बघितलं. "विझू द्यायची नाही. कळलं?"

"जा रे तू! मी आहे ना!"

तो गेला. आणि मग शुभाच्या लक्षात आलं, जाळायचं काय? बाहेरचं प्रत्येक लाकूड भिजून चिंब झालेलं. खोलीत कोरडं असं आता एकच उरलं होतं: पेट्यांचं लाकूड.

तिनं एक क्षणही विचार केला नाही. खापरं महत्त्वाची, पेटीचं काय! पहिली पेटी दगडी बाकावर उपडी केली, आतल्या कप्प्यांच्या फळ्या मोडल्या, शेगडीत घातल्या. जाळ भडकला! प्रोफेसर कुडकुडायचे थांबले नाहीत, पण निदान डोळे उघडे होते. दुसरी पेटी. तिसरी. चौथी. जाळात एक-एक फळी घालायची आणि ती संपेपर्यंत थांबायचं. थांबलं की रडू यायचं. म्हणून तिनं हातांना काम दिलं. आई घरी डाळी-तांदूळ निवडून डबे भरायला लावायची, तशी ती खापरं निवडायला लागली. कडा कडांबरोबर, बुडं बुडांबरोबर, कान कानांबरोबर. तांबडी एकीकडे, काळी दुसरीकडे. बघता बघता बाकावर देखणे ढीग लागले. काका आला की बघतच राहील!

चौथ्या पेटीची शेवटची फळी जाळात सरकवली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूवर काहीतरी जांभळं चमकलं. ज्वाळेच्या उजेडात अक्षरं स्पष्ट दिसली. बारीक, नेटकी, न पुसणाऱ्या कॉपिंग पेन्सिलीची: थर सहा, एकशे चाळीस सेंटिमीटर.

फळी हातानं ओढून काढेपर्यंत अक्षरं काळी झाली होती.

शुभानं बाकाकडे बघितलं. कडांचा ढीग. बुडांचा ढीग. कुठलं खापर कुठल्या फळीमागचं? खालचं कुठलं, वरचं कुठलं? बसमधलं ते अर्धवट वाक्य आता तिला कुणी पुरं करून सांगायची गरज नव्हती.

पाचवी पेटी अजून बंद होती. जाळ खाली बसत होता. प्रोफेसरांचे डोळे मिटायला लागले होते.

"हेर प्रोफेसर! झोपू नका! माझ्याशी बोला!"

त्यांची मान छातीवर कलंडली!

तिनं पाचव्या पेटीचं झाकण दगडानं फोडलं. आत दोनच कप्पे: थर एक, थर दोन. पायातले लोकरी मोजे काढले. पहिला थर डाव्या मोज्यात, दुसरा उजव्यात, दुसऱ्यातला न मावलेला स्कार्फमध्ये, गाठी मारून. थराचा आकडा लिहिलेली फळीची ढलपी ज्या-त्या मोज्यात खोचली आणि बाकीची पेटी शेगडीत घातली. अनवाणी पायांत बूट चढवले आणि प्रोफेसरांचे हात चोळत, जोरजोरात पाढे म्हणत बसली. बे एके बे. पुढं आठवेल ते, मोडकं, तोडकं, मराठीत, जर्मनमध्ये!

चार वाजता श्रीरंग आला. तीन लाकूडतोडे, घसरगाडी, घोंगड्या. प्रोफेसर वाचले होते.

त्यांना उचलताना त्यांची नजर बाकावर गेली. शेगडीतले निखारे, राख, नेटके ढीग.

"छान लावलीस," ते पुटपुटले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

घसरगाडीमागून चालताना शुभानं काकाला सगळं सांगितलं. हरणापासून मोज्यांपर्यंत. श्रीरंग रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मोज्यांतले थर अगदी वरचे आहेत, शुभे. त्यांच्याबद्दल कधी कुणाचा वाद नव्हताच. पण तू शेगडी विझू दिली नाहीस."

जूनमध्ये, फिंग्स्टनच्या सणाच्या सुटीत, ती पुन्हा कार्ल्सरूहेला आली. प्रोफेसर काठी घेऊन चालायला लागले होते, पण आवाज अर्धा झाला होता. जेवणाच्या टेबलावर खापरं मांडलेली होती, आणि एका नवीन वहीत प्रत्येकाची नोंद करायची होती. खापर प्रोफेसरांच्या हातात, पेन शुभाच्या.

बहुतेक वेळा ते नुसती मान हलवायचे. मग एक तांबडं, जाडजूड खापर हातात आलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्याच्या खरबरीत पाठीवरून ते अंगठा फिरवत राहिले.

"हे सहाव्या थरातलं आहे ना?" शुभा पुढं झुकली. "तुम्ही ओळखलंत! मी बघितलं, तुम्ही ओळखलंत! लिहू का सहा? हेर प्रोफेसर, फळ्या मी जाळल्या, ते फक्त आपल्या तिघांना माहीत आहे. मी अशी चाळीस खापरं शोधून देते. कुणी विचारणारसुद्धा नाही!"

"हो," ते हळूच म्हणाले. "मला वाटतं सहाव्यातलं."

"मग?"

"वाटतं तर मला पंचवीस वर्षं आहे. नुसतं वाटायला पेट्या कशाला लागल्या असत्या?" त्यांनी खापर टेबलावर ठेवलं, अगदी हळू, झोपलेल्या मुलाला ठेवावं तसं. "लिही. थर माहीत नाही."

शुभाला पान दिसेनासं झालं. तिनं बाहीनं डोळे पुसले, पेन दौतीत बुडवलं आणि आपल्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं. थर माहीत नाही.

प्रोफेसरांनी हात पुढं केला. टेबलावर अजून पाचशे खापरं होती.

"पुढचं दे," ते म्हणाले.