पंखा बंद करून वाजवलेली दोन मिनिटं

"मे महिन्यात चार-चार गोधड्या?" दारात उभ्या असलेल्या माणसानं विचारलं. खांद्यावर भला मोठा गठ्ठा, कपाळावरून घामाची धार. "थंडी वाजती का काय तुम्हाला?"

"पांघरायच्या नाहीत. भिंतीवर टांगायच्यात," स्वरदा म्हणाली.

खाली ठेवत आणलेला गठ्ठा त्यानं पुन्हा खांद्यावर घेतला. "भिंतीवर? माझ्या आईनं महिनाभर टाके घातलेत याला!"

म्हणजे हा सारजाबाईंचा मुलगा. पिशोरच्या सारजाबाईंकडं स्वरदानं फोनवरूनच गोधड्या सांगितल्या होत्या. पार्सल एसटीनं येणार होतं, पण मुलगा वाळूजला नोकरीला होता आणि सुट्टी संपवून परत येत होता. त्याच्याच गाडीवर त्यांनी ते बांधून दिलं. नाव सत्यम.

स्वरदानं त्याला आत बोलावलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. ती शाळेत गणित शिकवायची. दोन वर्षांपासून गिटार शिकत होती. तिच्या मैत्रिणीनं, ओवीनं, खुलताबादच्या बाजारावर एक छोटी फिल्म केली होती आणि तिला शेवटी दोन मिनिटं गिटार हवी होती. आजवर स्वरदाकडं कुणी असं काही मागितलंच नव्हतं. तिनं घरीच दोनदा रेकॉर्डिंग करून पाठवलं. दोन्ही वेळा ओवीचं उत्तर एकच – 'डब्यात बसून वाजवल्यासारखं वाटतंय गं.' शुक्रवारपर्यंत जमलं नाही, तर ती दुसऱ्या कुणाकडून करून घेणार होती.

"फरशी गुळगुळीत, भिंती मोकळ्या. आवाज नुसता आपटतो. जाड कापड असलं की जरा मुरतो म्हणे."

"असं व्हय..." सत्यम खोलीभर पाहत राहिला. "मग लावा. पण खिळा नाय ठोकायचा. दोरी आहे का?"

दोरी त्यानंच बांधली, गोधड्याही त्यानंच टांगल्या. मग हेडफोन कानाला लावून त्यानं तिचं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं, डोळे मिटून. त्याच्या पापण्यांवर रस्त्याची धूळ बसली होती. स्वरदा ती बघत बसली... आणि त्यानं डोळे उघडले.

"मागं काहीतरी गुणगुणतंय."

"मला तर ऐकू येत नाही."

"मला येतंय. मी कारखान्यात कॉम्प्रेसर तपासतो, मॅडम. दिवसभर हेच काम – कुठलं मशीन कण्हतंय, ते ऐकायचं."

त्यानं लॅपटॉपचा चार्जर काढला आणि माइक चालू करून पुन्हा ऐकलं. गुणगुण गेली. मग पंखा बंद केला. मग तिला वाजवायला सांगितलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून गिटारभोवती कान फिरवू लागला. माइक तिनं अगदी भोकासमोर ठेवला होता. "इथं लई घुमतंय, ढोलासारखं. इथं नुसतं कोरडं..." असं करत तो गिटारची मान जिथं धडाला जोडलेली असते तिथं, वीतभर अंतरावर थांबला. "इथं. इथं गोड आहे."

त्याचा कान तिथं होता, म्हणजे चेहराही तिथंच होता. स्वरदाचं बोट भलत्याच तारेवर पडलं.

"चुकलं," ती पुटपुटली.

"ऐकलं मी," तो हसत म्हणाला.

त्या आठवड्यात त्याची सकाळची पाळी होती. रोज चार वाजता तो यायचा. स्वरदाची आई, मंजुषाताई, बाहेरच्या खोलीत शब्दकोडं घेऊन बसायच्या आणि दार उघडं ठेवायला लावायच्या. पण उघड्या दारातून कुकरची शिट्टी आत यायची, म्हणून शेवटी त्यांनीच दार लावून घेऊ दिलं. पंखा बंद, खिडक्या बंद, बाहेर बेचाळीस डिग्री. तीन मिनिटांच्या वर खोलीत बसवत नसे. कधी कोकीळ ओरडायची, कधी खालचा भंगारवाला. कधी सगळं शांत असायचं आणि स्वरदाच चुकायची.

"तुम्ही बघत असता ना, म्हणून होतं," एकदा ती वैतागून म्हणाली.

"मग तोंड फिरवून बसतो."

तो खरंच भिंतीकडं तोंड करून बसला. घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण दोन मिनिटं तो तसूभर हलला नाही. आपल्यासाठी इतकं गप्प आजवर कुणी बसलं नव्हतं, असं स्वरदाला वाटलं... आणि बोटं आपोआप चालू लागली.

गुरुवारी संध्याकाळी ओवीचं उत्तर आलं – 'हेच हवं होतं! अगदी हेच!'

स्वरदानं ते त्याला दोनदा वाचून दाखवलं. तो मनापासून हसला. मग घड्याळ बघून उठला.

"आता उद्यापासून काय काम नाय माझं इथं."

"या ना... सहज."

"बघू. रविवारी लासूर स्टेशनला जायचंय." त्यानं बाहेर येऊन बूट घ्यायला वाकता वाकता सांगितलं. "मुलगी बघायला. आईनं ठरवलंय."

 स्वरदानं फोन उचलला आणि सारजाबाईंना लावला.

"मावशी, मी स्वरदा, गोधड्यावाली. सत्यमला रविवारी लासूरला नेऊ नका."

"का वं? पोरगी वाईट हाय का?"

"नाही. मुलगी चांगलीच असेल. पण... मला ते आवडतात."

 पलीकडं सारजाबाईंनी कोंबड्यांना हाकललं.

"त्याला इचारलंस का?"

"नाही अजून."

"मंग आधी त्याला इचार की, बाई! मी धरते फोन."

स्वरदा वळली. सत्यम एक बूट पायात, एक हातात घेऊन तसाच उभा होता. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"सगळं ऐकलंत ना?"

"व्हय."

"मग?"

"तुम्ही विचारलं कुठं अजून?"

"सत्यम – माझ्याशी लग्न कराल?"

"सोमवारपासून हेच कसं बोलावं, ते ठरवत होतो," तो म्हणाला. "व्हय. करीन."

मागं हालचाल झाली. मंजुषाताई चष्मा हातात घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी मुलीकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"तो बूट खाली ठेवा आणि आत येऊन बसा," त्या म्हणाल्या. "मलाही पुष्कळ विचारायचंय."

फोनमधून सारजाबाई ओरडत होत्या, "काय म्हनला गं?"

"हो म्हणाले, मावशी."

"मंग लासूरच्या पावण्यांना त्यानंच कळवायचं, सांग. मी न्हाय बाई फोन लावनार."