पाहुणा क्रमांक ४४,४४४

"आता मी जे सांगणार आहे, ते तुम्हाला खरं वाटायचं नाही," उओझुमि म्हणाला, आणि कोणी लगेच 'नाहीच वाटत' म्हणू नये म्हणून त्याने घाईघाईने कॉफीचा घोट घेऊन जीभ भाजून घेतली.

इनुई सरांनी कायानोबाईंकडे पाहिलं. हा किस्सा दोघांनी वीस वर्षांत निदान पंधरा वेळा ऐकला होता. पण आज टेबलाशी चौथं माणूस होतं.

मोरिओकात नाकात्सु नदीच्या काठाला कायानोबाईंचं कॉफीचं दुकान आहे. मार्चमधला शेवटचा रविवार, दुपारची वेळ. लोखंडी किटली स्टोव्हवर सूं सूं करत होती, बशीत काळ्या तिळाच्या कडक चकत्या होत्या, आणि दारावर 'आज खाजगी' अशी पाटी. निमित्त निरोपाचं. उओझुमिची वेबसाइट त्या रात्री बारा वाजता बंद होणार होती, कारण जिने फुकट जागा दिली होती त्या कंपनीने दुकान गुंडाळायचं ठरवलं होतं.

टपाल खात्यात पत्रं निवडण्यात हयात गेलेल्या या माणसाने दुनियेत नाव काढलं ते या वेबसाइटवर. तिचं नाव 'हरवलं-सापडलं'. शिगेमित्सु रान या बाईंच्या जुन्या रहस्यकादंबऱ्यांना ती वाहिलेली. त्यांचा नायक ओमोदाका हा रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या खिडकीवरचा कारकून. गाडीत विसरलेल्या छत्रीवरून, जेवणाच्या डब्यावरून तो खुनी हुडकायचा. तेवीस पुस्तकं झाली. चोविसावं मासिकातून क्रमशः येत होतं, शेवटचं प्रकरण तेवढं उरलं होतं, आणि सदुसष्ट साली बाई वारल्या. खुनी कोण ते कोणालाच कळलं नाही.

वेबसाइटवर उओझुमिने प्रत्येक पुस्तकाचा नकाशा काढला होता, प्रत्येक गाडीची वेळ, वेळापत्रकं तोंडपाठ असलेल्या इनुई सरांकडून तपासून घेतली होती. खुन्याचं नाव तो पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लिही. ज्याने पुस्तक वाचलं नसेल त्याला कोरी जागा दिसे. ज्याला बघायचंच असेल त्याने त्यावरून माउस ओढायचा, की अक्षरं उमटत. चोविसाव्या पुस्तकाच्या पानावर मात्र कितीही माउस ओढला तरी काही उमटत नसे. खाली उओझुमिच्या टोपणनावाने एकच ओळ होती: 'नाव मला ठाऊक आहे. योग्य वेळी सांगेन. स्टेशनमास्तर.'

या एका ओळीवर उओझुमिची सगळी पत उभी होती. आज ती योग्य वेळ आली होती. आणि नाव त्याला ठाऊक नव्हतं.

चौथं माणूस म्हणजे एक बाई. पन्नाशीच्या. करडा कोट, करडे हातमोजे. दोनच्या ठोक्याला त्या आल्या, दाराशी ठेवलेलं पेन उचललं आणि इतरांसारखंच वेबसाइटवरचं टोपणनाव कागदाच्या बिल्ल्यावर लिहून छातीला लावलं. इनुई सरांचा बिल्ला होता 'तीन मिनिटं उशीर', कायानोबाईंचा 'गरम पाणी'. या बाईंचा होता 'तिसरा डबा'.

तो उओझुमिने दोनदा वाचला. 'तिसरा डबा' नावाचं माणूसच नव्हतं. ते त्याने स्वतः बनवलं होतं.

त्याचं असं झालं. वेबसाइटच्या पहिल्या पानावर तळाशी आकडा असे: तुम्ही अमुकावे पाहुणे. गोल किंवा एकसारखा आकडा ज्याच्या वाट्याला येई, त्याने तसं वेबसाइटवरच्या निरोप लिहायच्या फलकावर कळवायचं आणि मालकाने तो मागेल ते बक्षीस द्यायचं, अशी या लोकांची जुनी रीत. मालकाने आपल्याच घरचा आकडा गिळणं म्हणजे पाहुण्यांच्या ताटातला लाडू खाण्यासारखं. बारा फेब्रुवारीला उओझुमि एक नकाशा नीट दिसतोय का बघायला गेला, आणि समोर ४४,४४४. शेवटचा मोठा आकडा. इनुई सर आठवडाभर त्यावर डोळा ठेवून होते. लाजेने उओझुमिचे कान तापले. मग त्याने सरळ फलकावर खोटं नाव घेऊन लिहिलं: 'आकडा मला मिळाला. बक्षीस नको. तिसरा डबा.'

दुसऱ्या दिवशी त्याच नावाने दुसरा निरोप होता. 'विचार बदलला. बक्षीस हवं. चोविसाव्याचं नाव. लिहू नका, समोर सांगा. निरोपाच्या दिवशी येते.'

प्रत्येक निरोप फक्त लिहिणाऱ्याच्या गुप्त आकड्याने खोडता येई. पहिला खोडायला उओझुमिचा आकडा चालत होता, दुसऱ्याला चालेना. त्याला इनुई सरांचा संशय आला. मग स्वतःचाच आला. सत्तरी गाठली होती. आदल्याच आठवड्यात चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता. आपणच लिहून विसरलो असू का? त्याने स्वतःचे सगळे आकडे लावून पाहिले. निरोप जागचा हलला नाही.

आणि आता ही बाई. ही खोटी आहे म्हणावं, तर तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारतील.

कायानोबाईंनी पाहुणीची विचारपूस केली. दक्षिणेकडून आले, गाडीला उशीर झाला, असं त्या म्हणाल्या. इनुई सरांना राहवेना. त्यांनी गाडी कोणती ते विचारलं. पाहुणीने नाव सांगितलं. ती गाडी बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि एक चकती उचलून चावायला घेतली.

पाहुणीच्या टोपीवर थोडं बर्फ होतं. बाहेर सकाळपासून लख्ख ऊन होतं.

"सुरू करा, मास्तर," कायानोबाई म्हणाल्या.

उओझुमिने सुरू केलं. सहासष्ट सालचा जानेवारी, गुडघाभर बर्फ. तो सतरा वर्षांचा. शिगेमित्सुबाई एक्स्प्रेसने आओमोरीला जाणार हे पुस्तकांच्या दुकानात कळलं, म्हणून तो फलाटावर जाऊन उभा राहिला. बाईंचा फोटो कुठे छापलेला नव्हता. पण तिसऱ्या डब्याच्या खिडकीशी एक बाई मांडीवर कागद घेऊन लिहीत बसलेली दिसली, आणि त्याने ओळखलं. गाडी चार मिनिटं थांबली.

"मागच्या खेपेला दोन थांबली होती," इनुई सर म्हणाले. आवाज नेहमीसारखा खवचट निघाला नाही.

"दर खेपेला किश्शात बर्फ वाढतंय, गाडी तरी काय करणार," कायानोबाई म्हणाल्या.

पाहुणी हसली नाही. तिने कप दोन्ही हातांत धरला होता. कॉफी काठोकाठ तशीच होती, आणि वाफ थांबली होती.

उओझुमि सांगत राहिला. खरं काय घडलं ते आठवायचं त्याने कधीच सोडलं होतं. सांगून सांगून किस्साच आठवण झाला होता. पण आज सांगताना मध्येच त्याला काहीतरी भलतंच दिसलं. काच. काचेवर टेकलेले दोन करडे हात.

त्याने पाहुणीच्या हातमोज्यांवरून नजर काढून घेतली.

"मी विचारलं, खुनी कोण," तो म्हणाला. "बाईंनी खिडकी वर सरकवली. बाहेर वाकल्या. माझ्या कानाशी तोंड आणलं."

किटलीचा आवाज थांबला होता. ती कोणी उतरवली नव्हती.

नाव त्याने घरून ठरवून आणलं होतं. छत्र्या दुरुस्त करणारा हिरोसे. पुस्तकात तो दोनदाच येतो. कोणी खोटं पाडू शकलं नसतं.

"आणि म्हणाल्या..."

"खिडकी उघडली नव्हती," पाहुणी म्हणाली.

इनुई सरांनी हातातली चकती हळूच बशीत ठेवली.

"बर्फाने गोठली होती. मी दोन्ही हात लावून पाहिले." आवाजात राग नव्हता. "तुम्ही बाहेरून ओरडून विचारत होतात. मी काही सांगितलंच नाही, मास्तर. मलाच ठाऊक नव्हतं."

तिने उजव्या हाताचा मोजा काढला. बोटांना निळी शाई लागलेली होती, ओली. तिने कागदी रुमाल समोर ओढून सरळ केला आणि दाराशी उचललेलं ते पेन उघडलं.

"तुम्हाला कळलंय असं वाचलं, म्हणून आले. सांगा. एकच प्रकरण राहिलंय."